बाहुलीचा माग

आमच्या विभागात बाहुली म्हणजे एक फोन. दरवर्षी एक नवा, म्हणजे जुनाच, पण आमच्यासाठी नवा. डिजिटल फॉरेन्सिक्स शिकवायचं तर विद्यार्थ्यांना उकरायला काहीतरी द्यावं लागतं, आणि खऱ्या माणसाचा फोन वर्गभर पोरांच्या हाती देणं कायद्यात बसत नाही. म्हणून एक खोटं माणूस तयार करायचं. त्याला नाव द्यायचं, नोकरी द्यायची, एखादी बहीण द्यायची आणि मग आपल्यापैकी कोणीतरी तो फोन घेऊन त्या माणसाचं आयुष्य खरोखर जगायचं. फोटो काढायचे, बसने हिंडायचं, बहिणीला रागाने काहीबाही लिहायचं आणि पुसून टाकायचं. सत्र संपत आलं की ते माणूस एके दिवशी गायब होतं. ते कुठे गेलं आणि का गेलं, हे पोरांनी फोन उकरून सांगायचं.

यंदा ते जगणं माझ्या वाट्याला आलं. "तुम्हीच करा," सर म्हणाले, "तुम्हाला जमेल." या सरांना सगळा विभाग सावकाश सर म्हणतो. डिस्क उघडताना, जिना उतरताना, चहा ओततानासुद्धा त्यांच्या तोंडी तो एकच शब्द असतो. माणूस मात्र देवासारखा नाही, चांगल्या शेजाऱ्यासारखा आहे, आणि मला ते जास्त आवडतं.

मला जमेल असं त्यांना का वाटलं, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी, पण वर्गातल्या पोरांहून चांगली दहाएक वर्षांनी मोठी. लग्न करून, संसार करून, तो टाकून मग शिकायला आलेली. माझा नवरा कधी आवाज चढवत नसे. मी कोणाशी बोलले, दुकानातून निघाल्यावर वाटेत कुठे थांबले, हे त्याला मी सांगायच्या आधी माहीत असायचं, आणि तो ते मला शांतपणे सांगायचा. एकदा मी बाहेर निघाले असताना त्याने माझा हात चौकटीवर धरून ठेवला आणि तितक्याच शांतपणे दार लावलं. उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. त्यानंतर मी निघाले ती या गावात आले. माझा नंबर फक्त आईकडे होता आणि पत्ता आईकडेही नव्हता. मी कुठे आहे हे त्याला कळू नये, एवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं उभं होतं. मी फोनही साधा, बटणांचा वापरायचे. लोक हसायचे, की ही फोन उकरायला शिकते आणि स्वतःकडे असला डबा. हसोत बापडे.

बाहुली होताना एक नियम फार कडक असतो. बरोबर आपलं स्वतःचं काहीही न्यायचं नाही. आपला फोन नाही, हेडफोन नाही, स्मार्ट घड्याळ नाही. कारण फोन मुका दिसला तरी बहिरा नसतो. आसपासची यंत्रं सतत बारीक हाका मारत असतात, आणि बाहुलीच्या फोनमध्ये सरांनी बसवलेला प्रोग्रॅम त्या सगळ्या हाका टिपून ठेवतो. त्यात आपलं एखादं यंत्र मिसळलं की खोट्या माणसाच्या आयुष्यात खरं माणूस सांडतं आणि सगळं सत्र वाया जातं. मी नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. माझा डबा ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असायचा. बाहुलीचा फोन घेऊन, खांद्याला कापडी पिशवी लावून मी हिंडायचे, आणि रात्री तो फोन माझ्याच खोलीत, उशाशी असायचा. बाहुलीला वेगळं घर घेऊन द्यायला विभागाकडे पैसे कुठले?

खोटं कशाला बोलू, मला बाहुली आवडायला लागली होती. ती ग्रंथालयातून निघाल्यावर उगाच दोन थांबे पुढे जायची, अनोळखी बाकावर बसायची, कबुतरांचे फोटो काढायची, आणि उशीर का झाला हे तिला कोणी विचारत नव्हतं. बहिणीला ती लिहायची, "आज मी काहीच केलं नाही, मजा आली." ही दोन्ही बाजूंची पत्रापत्री मीच करायचे. एकदा बहिणीच्या बाजूने "जप स्वतःला" असं लिहिलं आणि मलाच रडू आलं. सत्राच्या शेवटी बाहुली नदीच्या वळणावर गेली, जिथे जुना पंप बंद पडलेला आहे आणि माणसं फारशी जात नाहीत. तिथे उभं राहून मी फोन बंद केला. कथा अशी होती की कामाला कंटाळलेली बाई तिथून पायवाटेने पलीकडच्या गावाला गेली आणि नवी सुरुवात केली. सोपी, गोड कथा होती.

पोरांनी शोध मांडायचा दिवस उजाडला तेव्हा मी मजेतच होते. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. लांबोडकी खोली, भिंतीला टेकून टेबलं, खिडक्यांवर काळे पडदे, आणि एकच दार. मी पुढच्या खुर्चीवर बसले, पिशवी पाठीला अडकवली. सावकाश सर मागे चष्मा पुसत बसले होते.

पहिल्या गटाने छातीठोकपणे सांगितलं की बाहुलीचं ग्रंथालयातल्या कारकुनाशी प्रेम होतं. सगळे हसले, कारकून आमचे सत्तरीचे आहेत. दुसऱ्या गटाने मात्र माझं हसणं जरा आखडतं घ्यायला लावलं. "ही बाई सरळ घरी जात नाही," त्यांच्यातला एक उंच मुलगा नकाशावर बोट फिरवत म्हणाला. "रोज दारापाशी येते आणि पुढे निघून जाते. गल्लीला एक फेरी मारते आणि मग आत शिरते. बसमधल्या फोटोंत ती नेहमी शेवटच्या बाकावर असते. स्वतःचे इतके फोटो काढले, पण एकाही फोटोत तिच्या मागे रिकामी जागा नाही, कायम भिंत आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. ती कोणाला तरी घाबरते, एवढंच."

हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या कथेतली बाई कोणालाच घाबरत नव्हती. त्या पोराने बाहुलीचं झाकण उघडून आत मला बसलेलं बघितलं होतं, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. मी त्याला चांगले गुण दिले आणि पुढचं कोण म्हणून हाक मारली.

पुढे आली ती चिमटा. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. एखादी नोंद एकदा चिमटीत धरली की सोडत नाही, म्हणून हे नाव. तिने लॅपटॉप उघडला आणि कोणाकडे न बघता बोलायला लागली.

"मॅडम, सगळे म्हणतात ती एकटीच गेली. मला नाही तसं वाटत. तिच्याबरोबर कोणीतरी होतं."

"अगं, कथा मी लिहिली आहे," मी म्हणाले. "तीत दुसरं कोणी नाही."

"कथेत नसेल. फोनमध्ये आहे."

तिने पडद्यावर बाहुलीने ऐकलेल्या हाका दाखवल्या. बसमधल्या कोणाचे हेडफोन, दुकानातला स्पीकर, शेजारच्या खोलीतला टीव्ही. अशा हाका येतात आणि जातात, रस्त्यावरची तोंडं येतात-जातात तशा. एक हाक मात्र जात नव्हती. पहिल्या दिवसापासून नदीच्या वळणापर्यंत ती होती.

"बसमध्ये आहे. ग्रंथालयात आहे. ती कबुतरांचे फोटो काढते तेव्हा आहे. आणि रात्री ती खोलीत झोपलेली असते ना, तेव्हाही आहे." चिमटाने पडद्यावरची एक ओळ मोठी केली. "रात्री तर ते सगळ्यात जवळ असतं. हातभर अंतरावर."

कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर गप्प झालं.

"माझा फोन असेल," मी म्हणाले. "माझ्याकडूनच काहीतरी चूक झाली असेल."

"तुमचा फोन ड्रॉवरमध्ये होता. आणि फोन असा बोलत नाही, मॅडम. हे एकच एक म्हणत राहतं, ठरावीक वेळाने. मी इथे आहे, मी इथे आहे. हा टॅग आहे. किल्ल्यांना, सामानाला लावतात ना, हरवू नये म्हणून, तो. कुठला तरी स्वस्तातला, जुना. हल्लीचे टॅग आपली ओळख बदलत राहतात, याची मात्र पहिल्या दिवसापासून एकच आहे."

सावकाश सर मागून उठून पुढे आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्यात चिमटाने आपला फोन वर धरला आणि जरा चाचरतच म्हणाली, "सर, मी आत्ता सहज ऐकून बघितलं. तो या खोलीत आहे."

अंगावर काटा येणं म्हणजे काय, हे मला वाटायचं की मला माहीत आहे. पंचवीस पोरं आपापल्या खुर्च्यांखाली बघायला लागली. सरांनी सगळ्यांना मागच्या भिंतीशी उभं केलं, आणि चिमटा फोन पुढे धरून टेबलांमधून चालत निघाली. फोनवरची पट्टी वाढत होती. ती माझ्या खुर्चीपाशी आली तेव्हा पट्टी भरली, आणि ती मान खाली घालून म्हणाली, "सॉरी मॅडम."

मी पिशवी टेबलावर उपडी केली. जेवणाचा डबा, छत्री, किल्ल्या, पेन. त्यात काही नव्हतं. रिकामी पिशवी तिने पुन्हा फोनजवळ नेली आणि पट्टी भरलेलीच राहिली. मग मी तळाशी बोटं फिरवली. पुठ्ठा आणि अस्तर यांच्यामध्ये काहीतरी गोल होतं, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. ब्लेडने अस्तर उसवलं. पांढरी चकती बाहेर घरंगळली आणि टेबलावर पडून राहिली. तिला ना डोळा ना कान. ती नुसती हाक मारते, आणि रस्त्याने जाणाऱ्या ज्या कोणाच्या फोनला ती ऐकू येते, तो फोन तिच्या मालकाला गुपचूप ठिकाण कळवतो. गेले कित्येक महिने या गावातला प्रत्येक भला माणूस, मला बसमध्ये जागा देणारासुद्धा, नकळत माझी चुगली करत होता.

यानंतर मी जे केलं ते आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो, आणि झोपेतून उठवलं तरी करू. संशयास्पद यंत्र सापडलं की आधी त्याचं जगाशी बोलणं तोडायचं. त्यासाठी प्रयोगशाळेत चंदेरी कापडाची पिशवी असते, तिच्यातून आतली हाक बाहेर जात नाही. आम्ही तिला मुकी पिशवी म्हणतो. सर "सावकाश" म्हणाले, ते मला ऐकू आलं होतं. तोवर चकती मुक्या पिशवीत गेली होती आणि मी तोंड चिकटवून टाकलं होतं. डोकं जागेवर होतं असं मला वाटलं. पोरांपुढे सगळं पद्धतशीर झालं याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

सरांनी वर्ग सोडला. चिमटा जायला तयार नव्हती, तिला त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात बसायला सांगितलं. मग आम्ही दोघांनी पिशवीचे फोटो काढले, पोलिसांना फोन केला. तिकडून उत्तर आलं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी येईल, वस्तूला हात लावू नका. जेवणाची वेळ टळली तरी मला भूक नव्हती. मी त्या उसवलेल्या अस्तराकडे बघत बसले होते. तळाचा पुठ्ठा कोणी शिवलाय हे मला ब्लेड लावण्याआधीच कळलं होतं, फक्त मी ते मनाला कळू देत नव्हते. दुहेरी दोरा, बारीक हातटीप, आणि गाठ आतल्या बाजूला, बोटाला लागू नये म्हणून. माझ्या शाळेच्या प्रत्येक गणवेशाला ती गाठ होती. सत्राच्या सुरुवातीला आई मला अर्ध्या वाटेवरच्या बसस्थानकावर भेटायला आली होती, तेव्हा ही पिशवी तिनेच शिवून आणली होती.

उन्हं कलली तेव्हा मी ड्रॉवरमधून माझा बटणांचा डबा काढला आणि आईला फोन लावला.

"अगं बाई, तुझाच विचार चालला होता," आई म्हणाली. "बरी आहेस ना?"

"आई, पिशवीत काय शिवलंस?"

ती जराही गडबडली नाही. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. "सापडलं का ते? अगं, मी म्हटलं होतं त्यांना, ती हुशार आहे, तिला सापडेल."

"कोणाला म्हटलंस?"

"जावयांना. आणि हे बघ, आधीच सांगते, मी नंबर दिलेला नाही हं. पत्ताही नाही. तुला शब्द दिला होता ना, मग? एकदाही तोंडातून काढला नाही. पण बाळा, आईचा जीव आहे. तू कुठे आहेस, जिवंत आहेस की नाही, मला काय कळणार? ते म्हणाले, आई, हे नुसतं बटण आहे, ती सुखरूप आहे एवढं दिसत राहील. त्यांनी मला मोठा फोनही घेऊन दिला. रोज संध्याकाळी येतात बिचारे. आम्ही दोघं बसून बघतो. नकाशावरचा ठिपका घरी पोचला, की मगच ते जेवायला उठतात."

सरांनी माझं तोंड बघून फोनचा आवाज मोठा करायची खूण केली. मी बटण दाबलं.

"तुला वाटतं तेवढे वाईट नाहीत गं ते," आई बोलत होती. "मी म्हटलं, तिला जरा वेळ द्या, तर एका शब्दाने उलट बोलले नाहीत. लांबूनच बघून आले एकदोनदा. तू नदीवर एकटीच उभी होतीस ना, त्या दिवशी. त्यांच्या जिवाचं पाणी झालं. घरी येऊन रडले. मी पाणी दिलं त्यांना."

नदीच्या वळणावर त्या दिवशी मी आजूबाजूला तीनदा बघितलं होतं. कोणी दिसलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "आज आलेत का ते?"

"आज कुठले येतायत? दुपारी ठिपकाच गेला ना. मी घाबरले, त्यांना फोन केला. ते म्हणाले, मीही तेच बघतोय, काळजी करू नका, मी जाऊन बघतो. लगेच गाडी काढली. मी म्हटलं, या वेळी ती कॉलेजातच असते, तिथेच विचारा. आणि गाडी जोरात हाणू नका म्हटलं. पोचलो की कळवतो म्हणालेत."

दुपार. मुकी पिशवी. कित्येक महिने त्याला निवांत बघत बसता येत होतं, म्हणून तो बघत बसला होता. मी चकती पिशवीत कोंबली त्या क्षणी मी त्याला सांगितलं की मला कळलंय, आणि ते कुठून सांगितलं तेही सांगितलं. सर उठले. त्यांना इतक्या झपाट्याने चालताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी चिमटाला हाताला धरून आत घेतलं, दाराची कडी लावली, वरची खिटी लावली आणि आपला फोन काढून रखवालदाराला लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. मग त्यांनी पुन्हा पोलिसांना लावला आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागले.

"आई, नीट ऐक," मी म्हणाले. "तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत. थांब हं जरा, या मोठ्या फोनवर त्यांचाच आलाय."

तिने हातातला जुना फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बहुधा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. मग तिचा आवाज लांबून, पण स्वच्छ ऐकू आला. जावयाशी बोलताना ती कायम लावते तो, जरा ठेवणीतला.

"हं, बोला. पोचलात का? बरं झालं बाई. हो, बोलतेय ना, ती आहे या फोनवर. ठीक आहे म्हणते. हो, हो, सांगते."

चिमटा टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. खोलीत सगळ्या स्क्रीन चालू होत्या आणि एकीवर अजून बाहुलीच्या हाका ओळीने उमटलेल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात कसलाही आवाज नव्हता.

"ऐकतेस ना गं?" आई परत आली. "आलेत ते. भांडू नका बरं का आता."

"आई, त्यांना विचार, नेमके कुठे उभे आहेत."

ती विचारायला गेली. सरांनी पोलिसांशी बोलायचं थांबवलं. आई परत यायला वेळ लागला, मधे ती एकदा हसलीसुद्धा.

"जिन्यात आहेत म्हणतात. कितव्या मजल्यावर आहे, असं विचारतायत. काय सांगू?"